रविवार पेठेतलं लोखंड: दोन तवे, एक कढई आणि एक कढलं

पुण्यातल्या बोहरी आळीत लोखंडी भांडी घ्यायला जाताना दोन गोष्टी बरोबर न्याव्यात: जाड कापडी पिशवी आणि मोजपट्टी. पिशवी कशाला, ते परतताना कळतं. इथे तपासलेली चार भांडी आणि एक खलबत्ता मिळून वजन आठ किलोच्या आसपास भरलं, आणि मंडई मेट्रो स्टेशनापर्यंत ते हातात वागवायचं असतं. गाडी आळीत घालायचा विचार सोडून द्यावा. मोजपट्टीचं पुढे येईलच.

दुकानाचं नाव देत नाही. काही तक्रारी आहेत, आणि आसपासच्या दुकानांतही माल याच घराण्यातला मिळतो. दर्शनी भागात दोरीला ओवलेले तवे, आत एकात एक बसवलेल्या कढया, कोपऱ्यात खलबत्ते आणि वजनं. पत्र्याचा माल किलोवर, बिडाचा नगावर. काटा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवलेला आहे आणि वजन दाखवून मगच बिल करतात, हे चांगलं. तवा हातात घेऊन, उलटा करून, वाजवून बघू देतात, घाई करत नाहीत, हे त्याहून चांगलं. खटकलं ते एवढंच की भांड्याला वरून काय लावलंय हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि विचारलं तर उत्तर येतं, “काही नाही हो काकू, नुसतं धुवून घ्या.” हे ‘काही नाही’ प्रत्येक भांड्यावर वेगळं निघालं.

काउंटरवर सगळ्याला ‘लोखंडी’च म्हणतात, पण घेणाऱ्याने बीड आणि पत्रा हे दोन वेगळे धातू धरून चालावं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात २ ते ४ टक्के कार्बन आणि थोडं सिलिकॉन असतं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, बीड साधारण ११५० ते १२०० ला पातळ होतं, म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येतं. थंड होताना जास्तीचा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने बाजूला पडतो. बीड ठिसूळ असतं ते या पापुद्र्यांमुळे. तवा पडला की पोचा येत नाही, सरळ तुकडा पडतो. पत्रा म्हणजे माइल्ड स्टील, कार्बन पाव टक्क्याच्या आत. तो वाकतो, तुटत नाही. ‘घडीव’ म्हणून जे विकतात तेही आज बहुतेक माइल्ड स्टीलच. फक्त हातोड्याने ठोकून आकार दिलेला. जुन्या काळचं खरं घडीव लोखंड आता कारखान्यांत होत नाही, त्यामुळे ‘घडीव’ हे कामाचं वर्णन समजावं, धातूचं नव्हे.

पत्र्याचा तवा, २६ सेंटिमीटर. इथे मोजपट्टी कामाला येते. लोखंडाची घनता घनसेंटिमीटरला साधारण ७.८५ ग्रॅम, म्हणजे २६ सेंटिमीटरच्या तव्याला दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ४१५ ग्रॅम पडतात. २८ ला ४८०, ३० ला ५५५. दुकानदाराने हा तवा ‘तीन एमएम’चा म्हणून दिला. काट्यावर १२७० ग्रॅम भरला. दांड्याचे १५० वजा केले की जाडी निघते २.७. फसवणूक म्हणण्याइतका फरक नाही, पण ‘तीन एमएम’ म्हणत दोनचा तवा गळ्यात मारला जातो तेव्हा हाच हिशेब तिथल्या तिथे उघडा पाडतो. दोन मिलिमीटरच्या आतला घेऊ नये. मोठ्या आचेवर मधला भाग तापून पसरतो, कड गार राहते, आणि तव्याला पोट येतं. मग तो शेगडीवर डुगडुगतो आणि इंडक्शनवर तर नीट तापतही नाही.

याच्यावरचं ‘काही नाही’ म्हणजे मशीनचं तेल, आणि त्याखाली निळसर-राखाडी कवच. हे कवच पत्रा तापवून लाटताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे धरतं. ते लोखंडाचंच ऑक्साइड, विषारी नाही, पण ठिकठिकाणी सुटतं आणि भाकरीला चिकटून येतं. तेल काढायला दोन चमचे धुण्याचा सोडा लिटरभर पाण्यात घालून तवा त्यात वीस मिनिटं उकळावा. कवचासाठी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पाऊण तास, मग तारेच्या घासणीने. रात्रभर ठेवायचा मोह टाळावा. कवच गेल्यावर आम्ल खालच्या लोखंडाला लागतं, बारीक बुडबुडे येत राहतात तो हायड्रोजन, आणि सकाळी तव्याला देवीचे वण पडल्यासारखे खड्डे दिसतात. ज्यांना व्हिनेगर नको त्यांनी आंबलेली पेज दोन-तीन दिवस भरून ठेवावी. आम्ल सौम्य, म्हणून वेळ जास्त. घराघरांत पूर्वीपासून नवा तवा असाच काढत आले आहेत.

भाकरीला हा तवा उत्तम. ज्वारीची भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली की आच कमी-जास्त करावी लागते, आणि पातळ पत्रा ते लगेच ऐकतो. बीड ऐकत नाही. हा तवा काळा, तुळतुळीत होईल अशी मात्र अपेक्षा ठेवू नका. भाकरीचा कोरडा ताव इतका असतो की मधला तेलाचा थर जळून जातो, तवा मध्ये राखाडी आणि कडेने काळा राहतो. तो बिघडलेला नाही. त्यावर डोसा घालून तो चिकटला म्हणून तव्याला नावं ठेवणं म्हणजे वरवंट्याने विळीचं काम मागणं. भाकरीचा तवा वेगळा, घावन-डोशाचा वेगळा, हे आजीचं म्हणणं धातूशास्त्रालाही मान्य आहे.

बिडाचा तवा, तोही २६ सेंटिमीटर, जाडी जवळजवळ ५ मिलिमीटर, वजन २१०० ग्रॅम. घेताना दोन परीक्षा. कानाला धरून लोंबता ठेवावा आणि बोटाच्या पेराने ठोकावा. बीड पत्र्यासारखं खणखणत नाही, आवाज लवकर विरतो, पण तो स्वच्छ असतो. तडा असेल तर आवाज फुटका, बद्द येतो. मग उलटा करून पाहावं: पाठीवर वाळूच्या दाण्यांचे ठसे असणं ठीक, पण पुढच्या बाजूला टाचणीचं टोक शिरेल अशी भोकं दिसली तर दुसरा मागावा. ओतताना वायू अडकला की ती भोकं राहतात, आणि तिथे पाणी मुरून गंज कायमचा घर करतो. तपासलेल्या तव्यांपैकी एकाला अशी तीन भोकं होती. दुकानदाराने न कुरकुरता बदलून दिला.

त्याचं ‘काही नाही’ होतं काळं वॉर्निश. वर ‘प्री-सीझन्ड’ची, म्हणजे आधीच तेलात मुरवल्याची, चिठ्ठी. खरं सीझनिंग आणि रंग यातला फरक ओळखायला नख पुरे. कडेला खरवडल्यावर पापुद्रा निघाला आणि तापवल्यावर ऑइलपेंटचा वास आला तर तो रंग. तेल लावून पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर नुसतं तपकिरी-काळं उतरलं तर काळजी नाही, तो करपलेल्या तेलाचा कार्बन आहे. इथे पापुद्रा निघाला. सोड्याच्या पाण्यात दोनदा उकळून आणि घासून घासून तो काढावा लागला, त्यात अख्खी दुपार गेली. चिठ्ठीचे गुण कापले.

आता मुरवणं. इंटरनेटवर याबद्दल इतकं लिहिलेलं असतं की माणूस घाबरून नॉनस्टिक घेतो. प्रत्यक्षात गोष्ट एकच आहे: तेलातली असंतृप्त स्निग्धाम्लं उष्णता आणि ऑक्सिजन मिळाल्यावर एकमेकांना साखळीसारखी जोडली जातात आणि धातूवर कडक, न विरघळणारा थर बसतो. म्हणून तेल असं घ्यावं की जे ‘वाळतं’. करडईचं पारंपरिक तेल याला फार चांगलं, कारण त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. शेंगदाण्याचंही चालतं. खोबरेल आणि तूप नको. त्यातली बहुतेक स्निग्धाम्लं संतृप्त, ती जोडलीच जात नाहीत. जवसाच्या तेलाची फार वाहवा होते, थर बसतोही झटकन, पण तो ठिसूळ असतो आणि काही महिन्यांनी कपच्यांनी सुटतो.

तवा धुवून शेगडीवर तीन-चार मिनिटं पूर्ण कोरडा करावा. हाताला सोसेल इतका निवला की अर्धा छोटा चमचा तेल पुढे, मागे, कडेला, कानाला सगळीकडे चोळावं. मग कोरडं फडकं घेऊन चुकून तेल सांडलंय असं समजून सगळं पुसून काढावं. इथेच बहुतेकांचं चुकतं. तेल थोडं जास्त राहिलं की वरची साय कडक होते, खालपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आणि तवा गोंद लावल्यासारखा चिकट होतो. असा चिकट झालाच तर आणखी तेल लावू नये. तासभर ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर कोरडाच तापवावा. नाही सुधारला तर सोड्याने धुवून पुन्हा सुरुवात. पुसल्यावर मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत, दहा-बारा मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. ओटीजी असेल तर २३० ते २५० अंशावर उपडा घालून एक तास. हे चार-पाच वेळा केलं की तव्याचा रंग तपकिरीवरून काळ्याकडे जातो. पहिले आठ दिवस त्यावर कांदा परतावा, थालीपीठ लावावं. अंडं आणि मासळी नंतर.

वापरताना घाई नको. बिडाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या साधारण पाव भरते, त्यामुळे छोट्या बर्नरवर मधोमध तापलेलं वर्तुळ आणि कडा गार अशी स्थिती होते. मंद आचेवर सात-आठ मिनिटं द्यावीत, मधून तवा फिरवावा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन दोन सेकंदांत उडाला तर घावन घालावं. थेंब गोळी होऊन तव्यावर पळायला लागला तर तवा फार तापलाय, पीठ पसरायच्या आत धरेल. अर्धा कांदा काट्याला टोचून मिठाच्या पाण्यात नव्हे, तेलात बुडवून फिरवावा. मीठपाणी तवा गार करतं खरं, पण मिठाने गंज लवकर चढतो. एकदा तापल्यावर मात्र या दोन किलोंत साठलेली उष्णता अशी की पाचवं थालीपीठ पहिल्याइतकंच खरपूस निघतं. तापलेल्या बिडावर नळ सोडू नये. एका बाजूने अचानक आकसलं की तडा जातो, आणि बीड सांधायला सहसा कोणी तयार होत नाही.

कढई घडीव, २४ सेंटिमीटर, १९०० ग्रॅम, दोन्ही कान रिव्हेटने बसवलेले. हातोड्याचे ठसे खरे की यंत्राचे हे ओळखणं सोपं: सगळे एका मापाचे, एका ओळीत असतील तर यंत्राचे. खरे ठसे वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले असतात आणि बूड कडेपेक्षा जाड लागतं. ही खरी होती. दुकानातच पाणी भरून दहा मिनिटं ठेवायला सांगितलं तर हसले, पण ठेवली, आणि एका रिव्हेटखालून पाणी पाझरलं. दुकानातल्याच पोराने रिव्हेट ऐरणीवर दोन ठोके देऊन घट्ट केली. तळणीची कढई असेल तर ही परीक्षा सोडू नये, तेल पाण्यापेक्षा हळू पाझरतं आणि थेट आचेवर पडतं. हिच्यावरचं ‘काही नाही’ म्हणजे घासण्याच्या दगडाची करडी भुकटी आणि तेल. गरम पाणी, साबण आणि काथ्याने निघालं. बूड गोल, त्यामुळे इंडक्शनवर हिचा उपयोग नाही, गॅसवरही तिवई असलेली बरी.

ही भांडी लोक मुख्यतः लोहासाठी घेतात, आणि दुकानातही ‘हिमोग्लोबिन वाढतं’ हे वाक्य दर तिसऱ्या मिनिटाला कानावर येतं. त्यात तथ्य आहे, पण ते पदार्थावर अवलंबून. लोखंड अन्नात उतरतं ते आम्ल, ओलावा आणि वेळ यांमुळे. टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक असलेला पदार्थ अर्धा तास शिजला तर भरपूर उतरतं; तव्यावर दोन मिनिटं असलेल्या पोळीत नगण्य. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. कढईतून येणारं लोह भाजीतल्या लोहासारखंच, शरीर त्यातलं थोडंच शोषतं. वरून लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्याने गोळीच घ्यावी. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, कढई त्याची बरोबरी करत नाही. आणि थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह साठत असेल तर ही कढई घरात आणण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

जास्त लोह हवं म्हणून चिंचेची आमटी हिच्यात उकळू नये. मुरलेला थर निघतो, आमटीला धातूची कडवट चव येते आणि रंग शाईसारखा होतो. वांग्याचं तसंच. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) एकत्र आले की जी काळी शाई होते, तोच प्रकार भरल्या वांग्यात घडतो: वांग्यातली फिनॉल वर्गातली द्रव्यं लोहाला धरतात आणि रस्सा काळा-हिरवा पडतो. खाल्ल्याने काही होत नाही, पण पाहुण्यांना वाढवत नाही. बटाट्याच्या काचऱ्या, मेथीची परतलेली भाजी, झुणका, सुकट, शेंगदाणे भाजणं, पुऱ्या तळणं याला मात्र कढई एकदम पसंत. लिंबू ताटात पिळावं. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढावी. रात्रभर कढईत राहिलेली सकाळी आपला रंग दाखवते.

फोडणीचं कढलं छोटं, पत्र्याचं, लांब दांड्याचं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन चमचे तेलाला पुरतं, कलंडत नाही. बुडात उष्णता टिकते, म्हणून मोहरी तडतडली की गॅस बंद करून मगच हिंग-हळद घालावी, नाहीतर हळद करपते. आमटीत कढलंच बुडवून चुर्र करायची सवय असेल तर पत्र्याचंच घ्यावं, बिडाचं नको. याचं ‘काही नाही’ म्हणजे चकाकीसाठी मारलेलं पारदर्शक लॅकर, जे पहिल्याच फोडणीला पिवळं पडून फसफसलं. आळीतच पांढऱ्या, फुलाफुलांची नक्षी दिसणाऱ्या चकचकीत पत्र्याची अशी भांडी दिसतात, त्यांना हात लावू नये. ते जस्ताच्या मुलाम्याचं काम, बादल्यांसाठी ठीक, आंबट पदार्थात जस्त उतरतं.

गंजाबद्दल थोडं. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. एक तोडलं की झालं. पुण्यात जून ते सप्टेंबर नुसतं पुसून ठेवलेलं भांडंही दोन दिवसांत तांबूस होतं, म्हणून धुतल्यावर शेगडीवर दोन मिनिटं, मग तेलाचं बोट. क्षारांचं बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे आणखी कटाक्षाने करावं. साबणाला घाबरू नये, भांड्याचा आजचा साधा साबण मुरलेला थर काढत नाही. भांडं सिंकमध्ये भिजत ठेवणं तो काढतं. तांबूस पूड आलीच तर अर्धा बटाटा आणि जाड मीठ घेऊन घासावं, लगेच धुवावं, तापवावं, तेल लावावं. भांडी एकात एक ठेवताना मध्ये वर्तमानपत्र घालावं. ज्यांच्याकडे मुलामा उडालेला मोठा लोखंडी गंज, म्हणजे पातेलं, आहे, त्यांच्या घरात गंजाला गंज चढतो, त्यावर उपाय तोच.

शेवटी खलबत्ता, ओतीव, सव्वादोन किलो. तो घेण्याचं ठरलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, “याला तर खरंच काही नाही.” तेल नव्हतं, रंग नव्हता, लॅकर नव्हतं. घरी मूठभर तांदूळ घालून कुटले तर पीठ शिशासारखं करडं झालं: ओतकामाची वाळू आणि लोखंडाची भुकटी. टाकून पुन्हा मूठभर, पुन्हा करडं. पाचव्या मुठीला पीठ पांढरं राहिलं, तेव्हा त्यात मिरी कुटली.